दुसऱ्या दगडाचा रंग

मास्तरला झटका आला तेव्हा काळा दगड छापून झाला होता आणि दुसऱ्या दगडाचा रंग ठरायचा होता. "रंग उद्या सांगतो," असं म्हणून तो चहा घ्यायला खुर्चीत बसला. कप त्याच्या हातातून सुटला आणि मी त्याच्यावर खेकसले, कारण खाली कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. फडकं घेऊन परत आले तर त्याचं अर्धं तोंड खाली घसरलेलं होतं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. कधीकाळी शाळेत चित्रकला शिकवायचा, तेवढ्यावरून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मीही चिडवायला म्हणून म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. तो दगडावर काढतो, मी दगडावरून छापते. आमचं काम म्हणजे लिथोग्राफ. घासून गुळगुळीत केलेल्या जाडजूड दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. कागद ठेवून प्रेसमधून काढला की चित्र उलटं होऊन कागदावर येतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. सांगायला इतकं सोपं आहे, आणि त्यात आमचा अख्खा जन्म गेला.

हे चित्र गॅलरीवाल्या बाईंनी मागून घेतलं होतं. त्यांच्याकडे चित्रं जमवणारी माणसं येतात. हातात ग्लास घेऊन, मान एका बाजूला करून चित्रासमोर उभी राहतात आणि थोड्या वेळानं "हं" म्हणतात. त्या "हं"ची मी खूप टिंगल केली आहे, पण आमचं घर त्यावरच चालतं, हेही खरं.

काळ्या दगडावर एक मोठा, जड आकार होता, वरून खाली कलत आलेला. त्याच्या पोटाशी एक जागा मोकळी सोडलेली. ती मोकळी जागा म्हणजे दुसरा दगड. शेजारचा न्हावी एकदा डोकावून म्हणाला होता, "मास्तर, ही म्हैस आहे का?" मास्तर म्हणाला, "बसली तर म्हैस, उठली तर डोंगर." न्हावी मान डोलवून गेला. मी हसले खरी, पण त्या मोकळ्या जागेवरून माझी नजर हटायची नाही. इतक्या वर्षांत त्यानं असं काही काढलं नव्हतं. कुठला रंग येणार तिथे, म्हणून मी त्याच्या मागेच लागले होते, आणि तो उद्यावर ढकलत होता.

दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याचा उजवा हात मांडीवर पडून राहायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. आणि शब्द एकच उरला होता. उद्या.

"भूक लागली?"

"उद्या."

"दुखतंय का?"

"उद्या."

लेक धावत आली होती, नोकरीवर रजा टाकून. तिनं खुर्चीपाशी बसून विचारलं, "बाबा, मी कोण?" त्यानं तिच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, आणि म्हणाला, "उद्या." ती हसली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बसली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "त्यांना कळतं बरंचसं. पण आतलं बाहेर येत नाही, बोलून नाही की लिहून नाही. डाव्या हातानं फार तर सवयीची सही येईल. हो म्हणायचं असलं तरी मान नाही अशी हलते, आणि नाही म्हणायचं असलं तर हो अशी. तेव्हा मानेवर भरवसा ठेवू नका."

"मग कशावर ठेवू?" मी विचारलं. हात परत येईल का, हेही विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला काय ते कळलं.

म्हणजे हे त्याचं शेवटचं चित्र होतं. दोन्ही दगड त्याच्याच हातचे, रेघन् रेघ त्याची. राहिला होता फक्त रंग, आणि तो त्याच्या डोक्यात अडकलेला.

गॅलरीवाल्या बाई भेटायला आल्या. घाई नाही, घाई नाही असं दोन-तीनदा म्हणाल्या, आणि दर वेळी त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. निघताना दारात हळूच म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा ना एखादा रंग. इतकी वर्षं बरोबर आहात. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

माझं डोकंच फिरलं. "मी ठरवू? चित्र काय माझं आहे?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

बाई वाईट नाहीत. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून गेल्या. मला त्याचा रंग हवा होता. शेवटच्या चित्रात माझी पसंती घुसवून त्याखाली त्याचं नाव लावायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. मास्तरनं आजवर माझ्या एकाही छापाला चांगलं म्हटलेलं नाही. तोंडातून कौतुक काढायला त्याच्या जिवावर यायचं. नमुन्याचा कागद टेबलावर ठेवला की तो बघत बसायचा. पसंत नसला तर सरळ उठून बाहेर जायचा. पसंत पडला तर खालच्या कोऱ्या कडेवर अंगठा टेकवायचा. खडूनं माखलेला अंगठा, त्याचा ठसा उमटायचा. मी बोंबलायची की एवढा महागाचा कागद घाण केलास. तो कागद मग भिंतीवर लागायचा आणि बाकीच्या सगळ्या प्रती त्याच्याशी ताडून छापायच्या. सही, मंजुरी, शाबासकी, जे काय म्हणाल ते आमच्याकडे तो अंगठा.

मी रंगांच्या मागे लागले. काळा छाप असलेले कागद तयार होतेच. त्यांच्या मोकळ्या जागेत खाली प्रेसवर एकेक रंग छापून वर घरात त्याच्यासमोर ठेवायचा. पहिल्यांदा पिवळा, मग मातकट, मग आभाळासारखा पातळ निळा. लेक त्याची खुर्ची टेबलापाशी आणायची. ओला कागद वळतो म्हणून वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर मी लोखंडी वजनं ठेवायची. तो बघायचा. उठून जाणं आता शक्य नव्हतं, त्यामुळे बघतच राहायचा. मी त्याचा डोळा वाचायचा प्रयत्न करायची. डोळ्यात काही असायचं का? असायचं, पण ते नापसंतीचं की दमल्याचं की नुसतं ऊन डोळ्यावर आल्याचं, देव जाणे. मग मी स्वतःच कागद उचलायची आणि नव्यानं शाई घोटायला बसायची.

करडा झाला, हिरवा झाला, विटकरी झाला. मला एकेकदा त्याचा भयंकर राग यायचा. आजारी माणसाचा राग येऊ नये म्हणतात, ज्यांना येत नाही त्यांनी माझ्या जागी बसून बघावं. "आयुष्यभर सगळं उद्यावर टाकलंस," मी एकदा त्याला म्हणाले, "त्या दिवशी एक शब्द आधी बोलला असतास तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "उद्या." लेक म्हणाली, "आई, पुरे."

मग मी एक लाल केला. फार भडक नाही. त्यात थोडा काळा, थोडा तपकिरी, जुन्या विटेच्याही पलीकडचा, सावलीत ठेवलेला लाल. छापून कागद समोर ठेवला, वजनं ठेवली, बाजूला झाले. त्याच्या डाव्या मुठीत तोंड पुसायचा रुमाल असायचा, कायमचा, कारण एका बाजूनं लाळ यायची. ती मूठ हळूहळू वर आली, टेबलावर आली, आणि रुमालातून बाहेर राहिलेला अंगठा कागदाच्या खालच्या कडेवर टेकला. टेकला आणि दाबला. नख पांढरं होईपर्यंत.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच खाली बसले आणि त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. लेक खुर्चीमागून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि मी एवढंच म्हणत होते, पसंत पडलं, पसंत पडलं. ठसा उमटला नव्हता, कारण त्या अंगठ्याला आता खडू नव्हता, साबणाचा वास होता. म्हणून मी पेन्सिलनं त्या जागी गोल केला आणि कागद भिंतीवर लावला. गॅलरीवाल्या बाईंना फोन केला. त्या तिकडे रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "बघा, माणूस आत आहे."

त्यानंतर मी छापत सुटले. असं काम मी तरुणपणीही केलं नव्हतं. दगड ओला करायचा, रूळ फिरवायचा, कागद खुणेला खूण लावून बसवायचा, प्रेसचा दांडा ओढायचा. एकही प्रत लालात चुकली नाही. वरच्या मजल्यावर लेक बापाला भरवत होती, आंघोळ घालत होती, आणि खाली मी गाणं म्हणत होते. मला सुख झालं होतं, खोटं कशाला सांगू. वाटत होतं, सगळं गेलं पण एवढं तरी आम्ही दोघांनी मिळून वाचवलं.

शेवटची प्रत निघाली त्याच संध्याकाळी मी दगड घासले. बाकीचे छापणारे आधी प्रत्येक प्रतीखाली चित्रकाराच्या सह्या होऊ देतात, मग दगड घासतात. आमच्याकडे उलटं. हा मास्तरनं स्वतःवरच घालून घेतलेला नियम. दगड समोर दिसला की त्याचे हात शिवशिवायचे, आणि झालेल्या चित्रात तो पुन्हा काहीतरी करत बसायचा. दोन चांगली चित्रं त्यानं तशी नासवली होती. तेव्हापासून ठरलेलं, शेवटचा कागद निघाला की दगड लगेच साफ. दगडावर पाणी आणि बारीक वाळू टाकायची, वर दुसरा दगड ठेवायचा आणि गोल गोल फिरवत राहायचं. आधी काळा घासला, मग दुसरा. चित्र काळपट पाणी होऊन मोरीत गेलं. खाली कोरा दगड उरला, पहिल्या दिवशी होता तसा. आता हे चित्र जगात पुन्हा कुणालाही छापता येणार नव्हतं. घेणाऱ्यांना त्याचंच तर अप्रूप असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सह्यांसाठी बाई येणार होत्या. बऱ्याच दिवसांनी मी जेवायला वर गेले, तिघं एकत्र बसलो. लेकीनं बापासमोर गाजराचं सूप ठेवलं. त्याची मूठ वर आली, रुमालातून अंगठा बाहेर आला, आणि वाटीच्या कडेवर टेकला. टेकला आणि दाबला. वाटी हळूहळू पुढे सरकली.

"नको? बरं, नको," लेक सहज म्हणाली आणि वाटी उचलून निघाली.

घास माझ्या तोंडातच राहिला. "हे काय केलं त्यानं?"

"काय?"

"अंगठा. वाटीला."

"नको म्हणाले. नको असलं की असंच ढकलतात. रुमाल सोडत नाहीत ना हातातला, मग अंगठ्यानंच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. रोजच. तू खाली प्रेसवर असतेस, तुला कुठे—" आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटी तिच्या हातात कलली आणि सूप जमिनीवर सांडायला लागलं.

कागदावर मी वजनं ठेवली होती. तो ढकलत होता आणि कागद हलत नव्हता, म्हणून तो आणखी दाबत होता. आणि मी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून रडत होते.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. "मास्तर, तो लाल नको होता का तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "उद्या," म्हणाला. मान आधी वर-खाली हलली, मग आडवी.

मला राहवेना. खाली जाऊन शाईचे सगळे डबे उचलून आणले, झाकणं काढली आणि टेबलावर त्याच्यासमोर मांडले. "कुठला? नुसता हात लाव. कुठला होता?" त्यानं अंगठ्यानं लाल ढकलला. मग पिवळा ढकलला. निळा ढकलला, करडा, हिरवा, सगळे एकेक करून, न चिडता, टेबल आवरावं तसे. शेवटी काळाही. टेबल मोकळं झालं आणि तो त्या मोकळ्या लाकडाकडे बघत बसला.

"मोकळंच ठेवायचं होतं? रंगच नको होता?"

"उद्या."

की तो दमला होता? की डब्यांचा वास सहन होत नव्हता? की मी एकदाची उठून जावं असं वाटत होतं? काहीही असेल. आणि कदाचित त्या दिवशीचा अंगठा खरोखर पसंतीचाच असेल, आमचा जुना. तेही असेल. मी कोणाला विचारणार? आणि समजा त्यानं आज स्वच्छ सांगितलं असतं की अमुक रंग, तर मी तो कशावरून छापणार होते? दोन्ही दगड खाली कोरे पडले होते.

बाई आल्या. मी त्यांना जिन्यातच सगळं सांगितलं. म्हटलं, या प्रती जाणार नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, पण त्या ओरडल्या नाहीत. उलट माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला खात्री आहे का, की त्यांना नकोय?"

"नाही."

"हवंय याची?"

"तीही नाही."

"मग फाडून टाकलंत आणि त्यांना हेच हवं असलं तर?"

मला इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. बाईंवर काढावा तर त्या बरोबर बोलत होत्या. लेकीवर काढावा तर ती बिचारी इतके दिवस बापाचं तोंड पुसत होती. मी वर गेले. लेकीनं प्रतींचा गठ्ठा आधीच टेबलावर आणून ठेवला होता, सह्यांसाठी, सकाळपासून ठरल्याप्रमाणे. मास्तर त्याच्यासमोर बसला होता. सगळ्यात वरची प्रत उघडी होती आणि त्यावर माझा लाल. नीट बसलेला, एक डाग नाही, एक कड फाटलेली नाही. इतकं सुंदर मी कधी छापलं नव्हतं.

मी गठ्ठ्याशेजारी डोकं टेकवून रडायला लागले. लोकांसमोर मी रडत नाही. माझा बाप गेला तेव्हाही रडले नव्हते. पण तेव्हा आवरेना. हुंदके देऊन रडले. "मला समजलं नाही रे," एवढंच तोंडातून निघत होतं. "मला समजलंच नाही."

डोक्यावर हात आला. नुसता अंगठा नाही, अख्खा तळवा. मी वर पाहिलं. रुमाल त्याच्या मांडीवर पडला होता आणि तोंडाच्या कडेनं लाळ ओघळत होती. त्यानं माझे डोळे बघितले, अगदी जवळून. मग तो हात माझ्या केसांवरून निघाला आणि टेबलावर चाचपडत पेन्सिल शोधायला लागला.

"नको," मी म्हटलं. "मास्तर, नको. माझ्यासाठी नको करूस."

त्यानं पेन्सिल मुठीत धरली, लहान मूल धरतं तशी. लालाच्या खाली, कोऱ्या कडेवर, डाव्या हातानं त्यानं आपलं नाव काढायला घेतलं. पहिलं अक्षर कागदाबाहेर जाता जाता राहिलं. तो थांबला, श्वास घेतला, पुढचं अक्षर काढलं. सगळं नाव झाल्यावर मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून रडते आहे का, एवढंच बघायला.

दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "बघा, पसंत आहे त्यांना."

ते पसंतीचं नव्हतं, हे मला त्या घडीला माझ्या हाडांपर्यंत माहीत होतं. रडणाऱ्या पोराच्या हातात आपल्याकडचं जे असेल ते द्यावं, तसं तो मला देत होता. त्याच्याकडे द्यायला तेवढंच उरलं होतं, त्याचं शेवटचं चित्र, आणि ते मी कुठल्या रंगात बुडवलं याचं त्याला आता काही नव्हतं. किंवा होतं, आणि तरी तो देत होता.

त्यानं पेन्सिल तशीच धरून ठेवली आणि पुढच्या प्रतीची वाट बघत बसला. मी सही झालेला कागद उचलून बाजूला ठेवला. नको रे, नको, असं म्हणत होते, आणि एकामागून एक कागद त्याच्यापुढे सरकवत होते.